मोटारीचा अदृश्य धूर

(कोलशेत, जिल्हा ठाणे, येथे शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



मोटारींतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंवर शासन नियंत्रण कसे ठेवते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनी हा विषय दिल्लीच्या मंत्रालयाचा किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेचा वाटतो. परंतु त्याचा निम्मा भाग आपल्या गावाच्या वेशीवर घडत असतो आणि त्या निम्म्या भागाची जबाबदारीही आपल्यावर येते. तेवढे आपल्यापुढे मांडावे, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

कोलशेत हे एके काळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. पुढे या परिसरात रासायनिक कारखाने आले. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि नंतरच्या काळात कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतील माणसे सकाळी कापूरबावडीच्या नाक्याकडे निघतात. त्याच वेळी मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या मालमोटारी घोडबंदर मार्गावर रांग लावून उभ्या असतात. खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी यांसारख्या गावांत गोदामांची वस्ती वाढली आहे. तेथून निघालेला माल कशेळीच्या पुलावरून बाळकुमला उतरतो आणि याच गर्दीत मिसळतो. मोटारींच्या उत्सर्जनाचा कायदा समजून घ्यावयास याहून अधिक योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

दोन वेगळे प्रश्न

मोटारीच्या नळीतून जे बाहेर पडते त्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची आपण बहुधा गल्लत करतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण हा पहिला भाग होय. तो माणसाच्या फुप्फुसाला व रक्ताला थेट अपाय करतो. दुसरा भाग कार्बन डायऑक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही आणि रस्त्यावर त्याने कोणाचा जीव घुसमटत नाही. परंतु तो वातावरणात दीर्घकाळ साठून राहतो आणि पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देण्यास अडथळा करतो. पहिला भाग प्रामुख्याने त्या रस्त्यावरच्या माणसांना बाधतो. दुसरा भाग कोठेही सोडला तरी साऱ्या जगाच्या खात्यावर जमा होतो.

शिक्षकांसाठी येथे एक सोपे गणित सांगतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७५० ग्रॅम असते. असे असताना एवढे पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे कसे? पेट्रोलमध्ये सुमारे ६३० ग्रॅम कार्बन असतो. कार्बनचे १२ भाग हवेतील ऑक्सिजनचे ३२ भाग घेतात आणि ४४ भाग वायू होतो. वाढलेले वजन हवेतून आलेले असते. डिझेलच्या लिटरमागे हा आकडा २.६ ते २.७ किलोग्रॅमच्या घरात जातो. वर्गातील आठवीचा विद्यार्थीही हे गणित पडताळून पाहू शकेल.

या गणितातूनच एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. काजळी गाळणीने अडविता येते. विषारी वायूंचे रूपांतर करता येते. परंतु मोटारीतील कार्बन डायऑक्साइड अडविणारी व्यवहार्य गाळणी आज उपलब्ध नाही. जेवढे इंधन जळेल त्या प्रमाणात तो निघणारच. इतकेच नव्हे तर मोटारीच्या नळीत बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करतो तेही कार्बन डायऑक्साइडमध्येच. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लागू पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच : इंधन कमी जाळणे.

धुराचा कायदा

पहिल्या भागावरील नियंत्रण आपल्याकडे बऱ्यापैकी जुने आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ तयार झाले. १९९१ साली पेट्रोलच्या आणि १९९२ साली डिझेलच्या नव्या गाड्यांना उत्सर्जनाच्या मर्यादा लागू झाल्या. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. त्यानंतर 'भारत स्टेज' मानकांची मालिका सुरू झाली. चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा टप्पा आला. सहाव्या टप्प्याबरोबर इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरले. २०२३ पासून विषारी वायूंची चाचणी प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागली. हे यश लहान नाही आणि त्याचे श्रेय न्यायालये, शासन, अभियंते आणि जागरूक नागरिक या सर्वांना दिले पाहिजे.

आपल्या परिचयाचे 'पीयूसी' प्रमाणपत्र याच कायद्याचे अपत्य आहे. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन किती आणि डिझेलच्या गाडीत धुराची घनता किती, हे त्यात पाहिले जाते. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा त्यात घातलेली नाही. तेव्हा, 'माझ्या गाडीचे पीयूसी आहे, म्हणजे माझ्या गाडीकडून हवामानाला धोका नाही,' असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रमाणपत्र आवश्यकच आहे. परंतु ते ज्या परीक्षेचे आहे त्याच परीक्षेचे ते मानले पाहिजे.

उष्म्याचा कायदा

कार्बन डायऑक्साइडवर कायद्याने बंधन घालण्याची कल्पना जगातही तशी अलीकडची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली मोटारींच्या हरितगृह वायूंवर नियंत्रण ठेवण्याचा कायदा केला. २००७ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे वायू हवाशुद्धीच्या कायद्यातील 'प्रदूषक' या व्याख्येत बसतात, असा निर्णय दिला. तेव्हापासून तेथील धोरण सरकारगणिक कधी कडक तर कधी सैल होत आले. युरोपीय संघाने २००९ साली नियम करून नव्या मोटारींची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरमागे १३० ग्रॅमवर आणण्याचे ठरविले.

आपल्या देशाने थोडा निराळा मार्ग घेतला. आपण या बंधनाची उभारणी मोटार वाहन कायद्याऐवजी ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ यावर केली. वायू मोजण्याऐवजी इंधनाची खप मोजावी, हे त्यामागचे तत्त्व. मघाच्या गणिताप्रमाणे दोहोंचा अर्थ एकच होतो आणि आयात होणाऱ्या तेलाची बचतही त्यात साधते. या मानकांचा पहिला टप्पा २०१७-१८ पासून आणि दुसरा २०२२-२३ पासून प्रवासी मोटारींना लागू झाला. पहिल्या टप्प्यात १०० किलोमीटरला सरासरी सुमारे ५.४९ लिटर पेट्रोल, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ही मर्यादा होती. दुसऱ्या टप्प्यात ती सुमारे ४.७७ लिटर, म्हणजेच ११३ ग्रॅम झाली.

येथे 'सरासरी' हा शब्द लक्षात ठेवावा. बंधन प्रत्येक गाडीवर नाही. कारखानदाराने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीवर आहे. त्याने काही गाड्या अधिक इंधन पिणाऱ्या विकल्या तर काही कमी पिणाऱ्या विकून त्याला तोल साधावा लागतो. गाड्यांचे सरासरी वजन वाढले तर मर्यादाही थोडी सैल होते. विजेवर चालणारी एक गाडी या हिशेबात तीन गाड्यांइतकी धरली जाते. त्यामुळे कारखानदाराला विजेच्या गाड्या बाजारात आणण्याचे उत्तेजन मिळते. मात्र त्याच जोरावर त्याला काही जड गाड्याही खपविता येतात. २०२२ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन मर्यादा ओलांडणाऱ्या कारखानदाराला, त्या वर्षी विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० किंवा ५०,००० रुपये इतक्या अधिक दंडाची तरतूद झाली. तोपर्यंत हा कायदा दंतहीन होता असे म्हणावयास हरकत नाही.

मालमोटारींचा विचार त्यानंतर झाला. १२ टन व त्याहून अधिक वजनाच्या वाहनांसाठी इंधन-खपाची मानके २०१७ साली अधिसूचित झाली. पुढे २०२२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन हलक्या, मध्यम व जड अशा निरनिराळ्या वर्गांच्या वाहनांना १ एप्रिल २०२३ पासून इंधन-खपाच्या मानकांचे पालन बंधनकारक झाले. जड मालमोटारीची चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगाने घेण्याची पद्धत ठरविण्यात आली. चाचणीला काहीतरी निश्चित पद्धत लागतेच, म्हणून त्यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात, गर्दीच्या वेळी मालमोटार ताशी ४० किलोमीटर या स्थिर वेगाने किती अंतर जाते, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

कायदा जेथे थांबतो

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोटारींचे एकूण उत्सर्जन हा दोन संख्यांचा गुणाकार आहे. पहिली संख्या म्हणजे दर किलोमीटरला निघणारे ग्रॅम. दुसरी म्हणजे गाड्या एकंदर किती किलोमीटर धावतात ती. केंद्र शासनाचा कायदा पहिल्या संख्येला हात घालतो, तोही कारखान्याच्या दारापर्यंत. गाडी रस्त्यावर आल्यानंतर ती किती धावेल, तीत किती माणसे बसतील, नाक्यावर किती वेळ उभी राहील आणि परतताना रिकामी येईल की भरलेली, हे तो कायदा ठरवीत नाही. पहिली संख्या दहा टक्क्यांनी उतरली आणि दुसरी वीस टक्क्यांनी चढली, तर गुणाकार वाढतो. मानके कडक झाली म्हणून उत्सर्जन आपोआप घटेल, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

याशिवाय काही गोष्टी या मानकांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. दुचाकींसाठी प्रवासी मोटारींसारखी कार्बनची सरासरी मर्यादा घातली गेलेली नाही, आणि आपल्या रस्त्यांवर सर्वांत मोठी संख्या त्यांचीच आहे. नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालणाऱ्या रिक्षा व बसगाड्यांमुळे शहरातील काजळी कमी झाली. परंतु हा वायू मुख्यतः मिथेन असतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. तो जळाला तर लाभ, गळला तर तोटा. म्हणून टाकीची व जोडांची वेळेवर तपासणी ही जशी सुरक्षिततेची तशीच हवामानाचीही बाब आहे.

वातानुकूलनाच्या वायूचेही तसेच. अनेक मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू वजनाच्या मानाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,४०० पट प्रभावी आहे. गॅरेजमध्ये दुरुस्तीच्या वेळी अर्धा किलो वायू हवेत सोडून दिला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो. अशा वायूंचा वापर उतरवीत नेण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली. ती प्रत्यक्षात उतरवावयाची तर जुना वायू यंत्राने काढून पुन्हा वापरण्याची सवय आपल्या गॅरेजवाल्यांना लागली पाहिजे. तांत्रिक शाळांतील शिक्षकांनी हा विषय अभ्यासात आवर्जून घ्यावा, अशी माझी सूचना आहे.

आपल्या हातातील संख्या

दुसरी संख्या, म्हणजे किलोमीटरची, बरीचशी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या हातात आहे. उदाहरणादाखल हिशेब पाहा. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची मोटार किलोमीटरमागे सुमारे १५३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. तीत एकच माणूस असेल तर सारा भार त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी दुचाकी सुमारे ५१ ग्रॅम सोडते. लिटरला केवळ ३ किलोमीटर जाणारी डिझेलची बस सुमारे ९०० ग्रॅम सोडते; परंतु तीत ४५ माणसे बसली तर माणशी २० ग्रॅमच येतात. याच बसमध्ये पाचच माणसे असली तर माणशी १८० ग्रॅम होतात आणि ती मोटारीहून महाग पडते. म्हणजे बस असणे पुरेसे नाही. ती वेळेवर येणे, थांब्यापर्यंत पायी जाता येणे आणि ती भरून धावणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

ठाणे परिवहन सेवा १९८९ पासून या शहरात धावत आहे आणि २०२३ पासून तीत विजेवरील बसगाड्या आल्या आहेत. राज्य शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ साली विद्युत वाहनांची धोरणे जाहीर केली. ही दिशा योग्यच आहे. आपल्या राज्यातील वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशापासून येते, हे खरे. तरीही विजेची मोटार ऊर्जा वाया कमी घालविते, आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा जसजसा वाढेल तसतसा तिचा लाभही वाढेल. परंतु नाक्यावरच्या गर्दीत एका मोटारीऐवजी एक विजेची मोटार उभी राहिली, तर तेथील धूर जाईल, गर्दी मात्र जाणार नाही. आणि त्या गर्दीत अडकलेल्या डिझेलच्या मालमोटारींचे इंजिन चालूच राहील. उभी मालमोटार शून्य किलोमीटर जाते आणि तरीही इंधन जाळते. तिच्यासाठी किलोमीटरमागे ग्रॅमचे कोणतेही मानक अर्थशून्य ठरते.

पंचायत सदस्यांना माझी विनंती याच ठिकाणी आहे. गोदामांची बांधकाम परवानगी नियोजन प्राधिकरणाकडे असली, तरी गावात प्रत्यक्ष काय घडते ते ग्रामपंचायतीला अगोदर दिसते. मालमोटारींना थांबण्याची जागा गोदामाच्या आवारात आहे की रस्त्यावर? माल भरण्या-उतरविण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत की साऱ्या गाड्या एकाच वेळी येतात? जोडरस्त्यावरील खड्डे पावसाळ्यानंतर किती दिवसांत बुजतात? चालकांसाठी विसाव्याची जागा, पाणी, स्वच्छतागृह आहे का? कारण उन्हात थांबलेल्या चालकाला केबिनमध्येच बसावे लागले, तर तो पंख्यासाठी इंजिन चालू ठेवणारच. या प्रश्नांची नोंद करून ग्रामसभेपुढे आणि संबंधित प्राधिकरणापुढे ठेवणे ही कामे लहान दिसतात. तथापि कारखान्यातील अभियंत्याने दर किलोमीटरला वाचविलेले दोन-चार ग्रॅम गावच्या नाक्यावर एका तासात वाया जाऊ द्यावयाचे की नाही, हे त्यांवरच अवलंबून असते.

२०२० साली राज्यात 'माझी वसुंधरा अभियान' सुरू झाले आणि त्यात ग्रामपंचायतींनाही सहभागी करून घेण्यात आले. वृक्षलागवड, पाणी, घनकचरा यांबरोबर वाहतुकीचा हिशेबही पंचायतीने ठेवावा. घंटागाडी नवी घ्यावयाची असेल तेव्हा विजेच्या गाडीचा विचार व्हावा. अधिकारी मित्रांनी एकाच दिशेच्या दौऱ्यांसाठी एकच वाहन वापरावे. शाळांनी, मुले शाळेत कशी येतात आणि त्यासाठी किती इंधन लागते, याची पाहणी मुलांकडूनच करून घ्यावी. वर सांगितलेले आकडे त्यांच्या हाती दिले की उरलेले काम ती मुले करतील.

आणखी एक साधन आपल्या दारात आहे. कोलशेतच्या खाडीतून जाणारा उल्हास नदीचा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला. रस्ते व्हावयाच्या पूर्वी खाडीकाठच्या गावांचा व्यवहार होडीने चालत असे. संथ पाण्यावरून जड माल नेण्यास रस्त्याच्या मानाने कमी इंधन लागते, हे सर्वमान्य आहे. या जलमार्गाचा उपयोग करताना कांदळवनाची आणि मासेमारीची काळजी घेतली पाहिजे, हे सांगणे न लगे. मात्र घोडबंदरच्या रस्त्यावरील प्रत्येक वाढीला नवा रस्ता हेच एक उत्तर आहे, असे समजण्याचे कारण नाही.

समारोप

एखाद्या वर्षीच्या अतिवृष्टीचे खापर कोणा एका मोटारीवर फोडता येणार नाही, आणि तसे करणे शास्त्राला धरूनही होणार नाही. परंतु समुद्राची पातळी वाढत आहे आणि कोलशेत हे भरतीच्या पाण्याशी जोडलेल्या खाडीवर वसलेले आहे. भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आले की सखल वस्तीत काय होते, याचा अनुभव खाडीकाठच्या रहिवाशांना आहे. जगाच्या खात्यावर जमा होणाऱ्या वायूचा हिशेब शेवटी अशाच गावांच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो.

२०२१ साली भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रवासी मोटारींच्या मानकांच्या तिसऱ्या टप्प्याचा मसुदाही २०२५ साली जाहीर झाला. शासन आपली संख्या खाली आणण्याचा प्रयत्न करीत आहे. दुसरी संख्या मोजण्याचे काम आपल्याकडे आहे आणि ते आजवर फारसे कोणी केलेले नाही. प्रत्येक पंचायतीने आणि प्रभागाने आपल्या हद्दीतील एका नाक्यावर, वर्षातून एक आठवडा, किती गाड्या आल्या, किती रिकाम्या होत्या आणि किती वेळ उभ्या राहिल्या, याची नोंदवही ठेवली, तरी पुढील चर्चेला भक्कम पाया मिळेल. येथून परत जाताना एवढा एक संकल्प आपण सर्वांनी करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.